गालपट्टी

त्याने जाळीच्या दोन सळया जिथे मिळतात तिथे अंगठ्याचं नख घासून बघितलं. नख कुठे अडकलं नाही. मग त्याने जाळी उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला आणि मान हलवली.

"वेल्डिंग बरं आहे," तो म्हणाला. "पण ह्या कोपऱ्यात घाई केलीय."

दुकानदार बाई काउंटरपलीकडून कधीची त्याच्याकडे बघत होती. केसांत पेन्सिल खोवलेली, चष्मा दोरीने गळ्यात लटकवलेला. दुपारची वेळ, दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही, सगळीकडे नव्या रबराचा वास.

"दादा, तुम्हाला ही हेल्मेटला बसवायचीय की खिडकीला?"

"खिडक्यांचंच काम करतो मी. ग्रिलचं."

"तरीच."

त्याने पिशवीतून मुलीचं हेल्मेट काढून काउंटरवर ठेवलं. निळं, कानांवरून खाली आलेलं, पुढून उघडं. आत घामाने काळपट झालेला फोम आणि मागे पांढऱ्या रंगात नाव. नाव त्याच्या बायकोने घातलं होतं. शेवटचं अक्षर मावलं नाही म्हणून ते जरा वर चढवलेलं होतं.

गेल्या महिन्यात मुलीच्या बेसबॉल क्लबातल्या एका मुलाच्या ओठावर चेंडू बसला. समोरचे दोन दात गेले आणि त्याच्या आईने मैदानात जो हंबरडा फोडला, तो म्हणे रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपापर्यंत ऐकू गेला. तेव्हापासून नियम झाला. बॅटिंगला उभं राहणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हेल्मेटला पुढून संरक्षण हवं. कसलं घ्यायचं ते ज्याच्या त्याच्या घरच्यांनी ठरवायचं. पण त्याशिवाय बॅट हातात मिळणार नाही.

मुलीने हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, बघू. त्यावर त्याच्या थोरल्या बहिणीने भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवली होती. बायको गेल्यापासून बहीणच घर सांभाळायला येऊन राहिली होती, आणि ती सुरी खाली ठेवायची तेव्हा ऐकून घ्यावं लागायचं.

"बघू बिघू नाही. पोरगी सगळ्या आठवड्यात हसते कुठे? त्या मैदानावर. तेवढं एक बंद होऊ देऊ नकोस."

म्हणून तो कामाचा दिवस मोडून इथे आला होता.

बाईने काउंटरवर दोन प्रकार मांडले. एक पूर्ण तोंड झाकणारी लोखंडी जाळी, वरून रबराचा लेप दिलेली. दुसरी जाड प्लास्टिकची वाकडी पट्टी. ती कानाजवळ स्क्रूंनी बसवायची, तिथून ती गालावरून पुढे येऊन जबड्याच्या टोकाशी थांबायची. नाक, डोळे आणि दुसरी बाजू मोकळीच.

"आणि ही बाजू?" त्याने पट्टीच्या उघड्या बाजूकडे बोट केलं.

"चेंडू टाकणाऱ्याकडे एकच गाल असतो ना, दादा. मूल आडवं उभं राहतं. झाकायचा तो गाल. आम्ही गालपट्टी म्हणतो हिला."

"अर्धंच झाकते."

"मोठे खेळाडू हीच लावतात."

"मोठ्यांचे दात त्यांचे ते बघतील."

बाई हसली. त्याचा हात आपोआप परत जाळीकडे गेला. आयुष्यभर त्याने लोकांना हेच सांगून माल विकला होता, की सळई ती सळई, बाकी सगळी समजूत. मुलीशी घरी ह्याच्यावरून वाजलंही होतं. ती म्हणाली होती, बाबा, जाळी नको, जाळीतून चेंडू दिसत नाही, जाळीच दिसते. तो म्हणाला होता, सवयीने दिसतो. ती म्हणाली होती, तू लावून बघितलीयस कधी?

त्याने इकडेतिकडे पाहिलं. दुकानात कोणी नव्हतं.

"हे मोठ्या मापाचं आहे का? माझ्या डोक्याचं?"

बाईने भुवया उंचावल्या, पण फळीवरून जाळी बसवलेलं एक मोठं हेल्मेट काढून दिलं. त्याने ते डोक्यावर चढवलं. कान दुमडले.

"आता तो चेंडू घ्या आणि हलवा."

"मी?"

"मग कोण? हळू हलवा. आता जरा भरभर."

बाईने काउंटरमागे उभं राहून चेंडू डावीकडून उजवीकडे नेला, वर नेला, खाली आणला. तो वाकून बघत राहिला. चेंडू सळईमागे गेला, बाहेर आला, परत मागे गेला. दिसत होता, नाही असं नाही. पण दर वेळी तो सापडेपर्यंत एक क्षण जात होता. एवढ्या खिडक्यांना जाळ्या बसवल्या, पण सगळ्या बाहेरून, शिडीवर उभं राहून. आत बसून बाहेर बघणारा माणूस काय बघतो, ह्याचा विचार करायचं कधी काम पडलं नव्हतं.

तेवढ्यात दुकानाच्या दारात एक आजोबा नातवासाठी चेंडू घ्यायला आले आणि जागच्या जागी थबकले.

"या, या," बाई म्हणाली. "घाबरू नका. गिऱ्हाईक आहेत."

त्याने हेल्मेट काढलं. कान लाल झाले होते.

"पट्टी द्या," तो म्हणाला.

"उजव्या हाताने खेळतं का डाव्या?"

"मुलगी आहे. उजव्या. आमच्यात सगळं उजव्याच हाताने. लिहिते, जेवते, मारते."

"मग ही. डाव्या गालाची." तिने खोक्यावर टकटक केलं. "उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा गाल चेंडूकडे असतो. आणि एक लक्षात ठेवा, तुम्ही कामगार माणूस म्हणून सांगते. हेल्मेटला जी भोकं आहेत त्यातच बसवा. नवं भोक पाडायचं नाही. भोक पाडलं की हेल्मेट मेलं."

"काय समजता मला?"

"ड्रिल हातात असलेला बाप," ती म्हणाली.

संध्याकाळी त्याने पट्टी स्वतः बसवली. जुन्या भोकांत. स्क्रू इतके घट्ट केले की दात ओठांवर आले. मग हेल्मेट जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवलं आणि हाक मारली.

"भिंगरी!"

घरात तिला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. लहानपणी ती एका जागी उभी राहिली की स्वतःभोवती फिरायची, तेव्हापासून ते नाव चिकटलं होतं. ती आतून आली. तिने हेल्मेट उचललं, फिरवलं, पट्टीवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवलेलं राहू दिलं.

"जाळी नाही आणलीस?"

"नाही आणली. दिसत नाही त्यातून."

"मी सांगत होते."

"सांगत होतीस. आता घालून बघ."

तिने घातलं. पट्टी डाव्या गालावरून नीट पुढे आली होती. आत्या ओट्याशी उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "अगंबाई, टेलिफोन ऑपरेटर दिसतेस गं. नंबर जोडून दे मला एक."

मुलगी हसली, पण जरा उशिरा.

"टोचतं का?" त्याने विचारलं.

"नाही."

"हलतं का? मान हलव. जोरात हलव."

"नाही रे, बाबा. छान बसलंय." तिने हेल्मेट काढलं. "हे बदलून मिळतं का? म्हणजे, कुणाला बदलायचं असलं तर?"

"का? आवडलं नाही?"

तिने त्याच्याकडे बघितलं. मग आत्याकडे बघितलं. मग म्हणाली, "आवडलं की. असंच विचारलं."

त्यानंतर घरात काहीतरी बिनसलं. काय ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं. भिंगरी रोजच्यासारखी बॅट घेऊन घरामागच्या बोळात जायची, भिंतीवर चेंडू मारायची. पूर्वी तो आवाज घरात यायचा, एका लयीत, आणि आत्या त्याला शिव्या द्यायची. आता आवाज तुटक यायचा. एक, मग बराच वेळ काही नाही, मग चेंडू आपटून लांब गेल्याचा, मग तिच्या धावण्याचा. ती आत यायची ती ओठ मिटून. तळहाताला नव्या ठिकाणी फोड आले होते. आत्याने मलम लावलं तेव्हा हूं की चूं केलं नाही.

"बॅट बदललीस का गं?"

"नाही."

"मग हे इथे कसे आले? तुझे तर नेहमी ह्या बोटाखाली येतात."

"येतात कुठेही," मुलगी म्हणाली आणि हात ओढून घेतला.

मग एका संध्याकाळी, तो बूट काढत असताना, आत्या दाराशी येऊन हळूच म्हणाली, "त्या दातवाल्या मुलाची आई भेटली होती. म्हणाली, भिंगरीला झालंय काय? एक चेंडू लागत नाही तिच्या बॅटला. तिसरा चुकला की बाद, तिसरा चुकला की बाद, असं चाललंय. मोठ्या सामन्यासाठी संघ निवडायचाय. कोच म्हणे तिला वगळायचं म्हणतोय."

तो बुटाची नाडी धरून बसला.

"पट्टी मध्ये येत असेल."

"ते पट्टीचं नाही रे." आत्याने आवाज आणखी खाली आणला. "तिची आई न्यायची तिला. आई चेंडू टाकायची. इतके दिवस पोरीने रेटलं, आता नसेल रेटवत. मन उडालं की हात चालत नाही. मला विचारशील तर, तिला सोडायचं असेल तर सोडू दे. बळजबरी नको."

"तूच म्हणालीस ना, तेवढं एक बंद होऊ देऊ नको."

"म्हणाले. आता हे म्हणतेय."

रात्री जेवताना त्याने मुलीकडे चोरून बघितलं. ती भात चिवडत होती. बायकोच्या आजारपणात तो हेच बघत बसायचा, की ताटातलं किती कमी झालं. तेव्हा डॉक्टर होते, औषधं होती, धावपळ होती. इथे कोणत्या दुकानात जायचं? पोरीचं मन उडालं तर ते कुठल्या फळीवर मिळतं? त्याला आठवेना की बायकोने असलं काही झालं की काय केलं असतं. तिने विचारलं असतं, बहुतेक. सरळ विचारलं असतं. त्याला ते जमत नव्हतं. तो म्हणाला, "भात आवडला नाही का?" आणि मुलगी म्हणाली, "आवडला की."

सरावाच्या दिवशी त्याने एका जिन्याच्या कठड्याचं काम अर्धवट सोडलं. मालक म्हणाला, कठड्याशिवाय आम्ही चढायचं कसं? तो म्हणाला, आज भिंतीला धरून चढा. आणि हत्यारांची पिशवी खांद्याला लावून सरळ मैदानावर गेला.

सराव चालू असताना तो मैदानावर कधी आलाच नव्हता. सामनेही सुट्टीच्या दिवशी, आणि लोकांना ग्रिलं बसवून हवी असतात तीही सुट्टीच्याच दिवशी, कारण तेव्हा माणसं घरी असतात. तो यायचा ते शेवटी, गाडी घेऊन, दोघींना आणि बॅगेला घरी न्यायला. सामन्याचं काय झालं ते त्याला गाडीत कळायचं. मायलेकी दोघी एकदमच बोलायच्या, त्यामुळे अर्धंच कळायचं.

मैदानाच्या कडेला तारेची उंच जाळी होती आणि तिच्यामागे बाकं. चारपाच आईबाप बसले होते. तो एका टोकाला बसला. एकदोघांनी मान हलवली. दातवाल्या मुलाच्या आईने बाटली उचलून त्याला सरकायला जागा करून दिली.

भिंगरीची पाळी होती. ती उभी राहिली, पाय रोवले, बॅट खांद्यामागे नेली. पट्टी डाव्या गालावर, डावा गाल चेंडू टाकणाऱ्या मुलाकडे. अगदी बाईने सांगितलं होतं तसं. चेंडू आला. तिने बॅट फिरवली ती इतकी उशिरा, की चेंडू मागे पकडणाऱ्याच्या हातात जाऊन बसला होता. दुसरा आला. तिने फार लवकर फिरवली. तिसऱ्याला तर ती स्वतःच अर्धी फिरली आणि पडता पडता सावरली.

तिने बॅट काखेत धरली आणि खाली मान घालून रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. बाकावरचे सगळे एकदम आपापल्या पिशव्यांकडे बघायला लागले, आणि तेच त्याला फार लागलं.

कोच त्याला बघून जाळीपाशी आला. आठवडाभर हा माणूस लॉन्ड्री चालवायचा, त्यामुळे ह्या क्लबाच्या मुलांचे कपडे हरले तरी इस्त्रीचे असत. आवाज बसलेला, तोंडावर बारा महिने ऊन.

"बरं झालं आलात, भाऊ. मीच येणार होतो घरी."

"ऐकलं मी. वगळताय तिला."

"मन नाही होत हो. पण बघितलंत ना आत्ता? मी काही बोलतही नाही तिला. म्हटलं, आईच्या आठवणीने करत असेल, आपण कशाला टोकायचं."

"काय करत असेल?"

"हेच. बाजू बदललीय ना तिने."

"कसली बाजू?"

कोचने त्याच्याकडे निरखून बघितलं. हा माणूस थट्टा करतोय का, हे त्याला कळेना.

"अहो, भिंगरी डावखुरी खेळते. आता अचानक उजवी उभी राहायला लागली."

"भिंगरी? उजवी आहे ती."

"जेवायला असेल."

बाकावरचं कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"लिहायलाही," तो म्हणाला. त्याचा स्वतःचाच आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला.

"लिहू दे. बॅट डावीच. पहिल्या दिवसापासून. वहिनींनीच तर सांगितलं होतं मला. तुमच्या घरामागे बोळ आहे ना? उजवी उभी राहिली की प्रत्येक चेंडू शेजारच्या काचांवर. म्हणून त्यांनी तिला उलटी उभी केली. चेंडू रिकाम्या भिंतीवर. तीच सवय लागली. डावखुरी मिळाली म्हणून मी देव पाण्यातून काढले होते हो."

शेजारची काच. ती त्याने दोनदा बदलून दिली होती, तिसऱ्यांदा बदलायची वेळ आली नाही. त्याला वाटलं होतं, पोरीचा नेम सुधारला.

"आणि तुम्ही ते गार्ड लावून पाठवलंत," कोच म्हणाला, "तेव्हा मला वाटलं घरी ठरलं असेल. नवी बाजू, नवी सुरुवात. लोक करतात असं."

"गार्डचं काय?"

"असे उभे राहा. नाही, आडवे. मी चेंडू टाकतोय समजा." कोचने जाळीतून हात दाखवून त्याला बाकासमोर उभं केलं. हातात बॅट नव्हती म्हणून त्याने पिशवीतला पाना दोन्ही हातांत धरला. "हे उजव्याचं. माझ्याकडे कुठला गाल आलाय?"

"डावा."

"आता उलटे व्हा. हे डावखुऱ्याचं. आता?"

तो फिरला. बाकावरच्या लोकांसमोर पाना खांद्यावर घेऊन उभा राहिला आणि उजव्या गालावर त्याला मैदानावरचा वारा लागला.

पट्टी डाव्या गालावर होती. ज्या बाजूने खेळायचं त्या बाजूने उभी राहिली असती तर भिंगरीचा उजवा गाल उघडा पडला असता, आणि कोचने तिला पहिल्याच दिवशी बाहेर काढलं असतं. गार्ड उलटं आहे, बदलून आण, असं म्हणाला असता. म्हणून ती उभीच राहिली नाही तिथे. पट्टी ज्या गालावर, त्या बाजूने उभी राहिली. फोड नव्या ठिकाणी आले ते त्यामुळे. बोळातला आवाज तुटला तो त्यामुळे. हात गेला नव्हता आणि मन तर कुठेच गेलं नव्हतं. पोरगी गुपचूप नव्याने खेळायला शिकत होती.

त्याने इतक्या जोरात श्वास सोडला की दातवाल्या मुलाची आई म्हणाली, "बसा, भाऊ. पाणी देऊ का?"

"नको. नको. काही झालं नाहीये," तो म्हणाला, आणि ते म्हणताना त्याला कळलं की खरंच काही झालं नाहीये. "काहीच झालं नाहीये!"

तो जाळीच्या फाटकातून आत गेला. आईबापांनी आत यायचं नाही असा तिथला नियम होता. कोचने दुसरीकडे बघितलं.

भिंगरी रांगेतून बाजूला आली. त्याला तिथे बघून ती आधी घाबरली, मग त्याच्या खांद्यावरची पिशवी बघून आणखी घाबरली.

"बाबा, तू कामावर नाही गेलास?"

"डावखुरी आहेस तू?"

तिने बुटाच्या टोकाने मातीत रेघ ओढली.

"बॅटिंगला फक्त."

"मग सांगितलं का नाहीस? मी चुकीची पट्टी आणली, टेबलावर ठेवली, आणि तू म्हणतेस छान आहे?"

"छानच आहे ती."

"भिंगरी."

ती आणखी एक रेघ ओढायला लागली. मग थांबली.

"तू शीळ घालत आला होतास."

"कोण, मी?"

"त्या दिवशी. दुकानातून. फाटकापासूनच चालू होती तुझी. आत्याने मला खुणेने बोलावलं. म्हणाली, ऐक. आम्ही दोघी स्वयंपाकघरात गप्प उभ्या होतो." तिने हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळला. "आई गेल्यापासून तू घातली नव्हतीस. मग स्क्रू बसवतानाही चालू. सगळा वेळ. मग मी काय सांगणार, की चुकलं म्हणून?"

त्याला काही आठवेना. रस्ता आठवला, खोकं आठवलं, काखेत धरलेलं हेल्मेट आठवलं. शीळ आठवली नाही. आणि आत्याला माहीत होतं. शीळ माहीत होती, बाजू माहीत नव्हती. घरात तिघं माणसं, आणि प्रत्येकाकडे अर्धी अर्धी गोष्ट.

"तू परत बंद केली असतीस," भिंगरी म्हणाली.

त्याने पिशवीत हात घातला, आणि हवा होता तो स्क्रू ड्रायव्हर वरच असूनही बराच वेळ शोधत राहिला.

"कुठली चाल होती?"

"चाल कसली? तुला येते का नीट? नुसती हवा जाते." तिचं तोंड जरा वाकडं झालं, हसायच्या आधी होतं तसं. "आत्या म्हणाली, कुकर बरा."

"आत्याला सांगतो घरी जाऊन. आण ते इकडे."

त्याने तिचं हेल्मेट गुडघ्यात धरलं आणि स्क्रू सोडवले. स्वतःच आवळलेले, त्यामुळे सहजासहजी हलेनात. शेवटी पट्टी निघाली. त्याने ती शर्टाच्या खिशात खोचली, ती अर्धी बाहेर राहिली.

"उद्या दुसऱ्या गालाची आणू," तो म्हणाला.

"बदलून देतील?"

"देतील. ओळख झालीय."

कोच क्लबाच्या सामानातून एक जुनं हेल्मेट घेऊन आला. त्याला तोंडभर लोखंडी जाळी होती, रंग उडालेली.

"आजच्यापुरतं हे घाल. ह्याला डावं-उजवं नसतं."

भिंगरीने ते चढवलं. "मला जाळीच दिसतेय नुसती!"

"दिसू दे," कोच म्हणाला. "तिच्या मागे चेंडू आहे असं समज. चल, उभी राहा. तुझ्या बाजूला."

तो बाहेर येऊन बाकापाशी थांबला. बसला नाही. जाळीत बोटं अडकवून उभा राहिला. भिंगरी चालत गेली आणि त्याने तिला आजवर जिथे उभं राहिलेलं बघितलं नव्हतं तिथे जाऊन उभी राहिली. पाय एकदाच रोवले. बॅट मागे नेली ती जागेवर जाऊन थांबली, हलली नाही. चेंडू टाकणारा मुलगा तिच्याकडे बघून दोन पावलं मागे सरकला. लांब उभ्या असलेल्या मुलांनी न सांगता आपापल्या जागा बदलल्या.

त्याच्या आजूबाजूला हालचाल झाली म्हणून त्याने वळून बघितलं. दातवाल्या मुलाच्या आईने बाटली उचलून मांडीत घेतली होती. तिच्यापलीकडचे गृहस्थ पेपर घडी करून मागच्या बाकावर जात होते. एका बाईने टेकवलेली सायकल ओढून बाजूला घेतली. सगळे हे करत होते ते गप्पा न थांबवता, रोजचं काम असल्यासारखं.

"भाऊ," दातवाल्या मुलाची आई म्हणाली, "जाळीतली बोटं काढा. तुमच्या लेकीचे पहिले एकदोन इकडेच येतात."

"हो?"

"नेहमी. वहिनी तर हसत बसायच्या इथे. मी दोनदा चहा सांडलाय."

त्याने बोटं काढली. पण मागे सरकला नाही.

चेंडू सुटला. बॅट फिरली. आवाज आधी आला, कोरडा, खणखणीत, आणि त्याच क्षणी चेंडू त्याच्या तोंडासमोरच्या तारांवर येऊन असा आदळला की अख्खी जाळी ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत थरथरली. बाकावरचे सगळे खाली वाकले. धूळ उडून त्याच्या पापण्यांवर बसली.

"सॉरी, बाबा!" भिंगरी तिकडून ओरडली. जाळीच्या आत ती हसत होती, दातांसकट दिसत होतं.

त्याने डोळे पुसले, दोन्ही, नीट.

"येऊ दे," तो म्हणाला. मग तिला ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाला, "येऊ दे!"